आस, मोटारगाडीचा पुढील (सर्वचाकी चालन)

मोटारगाडीच्या पुढील दोन चाकांना आधार देणारा आणि सर्वचाकी चालनाच्या गाडीत त्याच चाकांना एंजिनाची शक्ती पोहोचविणारा भाग. मराठीत ‘आस’ हा शब्द मुळात बैलगाडीचा आहे. विदर्भातील बंडीचा आस स्वतः फिरत नाही. त्याच्या टोकांवर तुंब्यासह चाके फिरतात. मोटारगाडीत मात्र या एका नावाखाली दोन निराळ्या वस्तू येतात : एक, गाडीचे वजन पेलणारी स्थिर नळी किंवा तुळई, व दुसरी, त्या नळीच्या आत किंवा उघड्यावर फिरणारा शक्तिवाहक दंड. कारागिरांच्या बोलण्यात ‘ॲक्सल’ हा शब्द या दोहोंना सरसकट लावला जातो. पुढील आस घरच्या घरी बदलता येईल की नाही, या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी या दोन वस्तू एकमेकींपासून कितपत अलग ठेवल्या आहेत यावर अवलंबून असते. म्हणून त्याचा इतिहास प्रथम पाहणे सोयीचे होईल.

इतिहास : मागील चाकांना शक्ती देणे हे तुलनेने सोपे काम आहे, कारण ती चाके वळत नाहीत. पुढील चाकांना वळायचेही असते आणि फिरायचेही असते. वळणाऱ्या चाकाला शक्ती पोहोचवायची तर शक्तिवाहक दंडात चाकाजवळ सांधा हवा आणि हा सांधा मोठ्या कोनात वाकूनही सुरळीत फिरला पाहिजे. सतराव्या शतकापासून माहीत असलेला हूक यांचा सार्वत्रिक सांधा (फुलीच्या आकाराचा तुकडा व दोन चिमटे) येथे अपुरा पडतो. चालक दंड एकसारख्या वेगाने फिरत असला, तरी सांध्यातील कोन ३०° असल्यास चालित दंडाचा वेग प्रत्येक फेऱ्यात दोनदा सु. १५ टक्क्यांनी वाढतो व दोनदा सु. १३ टक्क्यांनी घटतो. याचे हिसके सुकाणू चक्रापर्यंत पोहोचतात आणि सांधा लवकर झिजतो. सर्वचाकी चालनाचा इतिहास हा मुख्यतः या सांध्याचा इतिहास आहे, असे म्हटले तरी चालेल.

अंतर्ज्वलन एंजिनावर चालणारी चारही चाकांच्या चालनाची पहिली मोटारगाडी १९०३ साली नेदर्लंड्समधील स्पायकर कंपनीने तयार केली. अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील क्लिंटनव्हिल या लहान गावी ओटो झाकाव व विल्यम बेसरडिक या दोघा यंत्रकारांनी वळणाऱ्या चाकाला शक्ती देणारा, गोलाकार कवचात बसविलेला सांधा योजून १९०८ साली त्याचे एकस्व (पेटंट) मिळविले. हे दोघे एखाद्या मोठ्या कारखान्याचे अभियंते नव्हते. गावातील यंत्रशाळा चालविणारे कारागीर होते. त्यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या कंपनीचे मालट्रक पहिल्या महायुद्धात ब्रिटिश व अमेरिकन सैन्यांनी वापरले. पुढे कार्ल वाइस यांचा गोळ्यांचा सांधा, फ्रान्समध्ये झां आल्बेर ग्रेग्वार व प्येर फेनाय यांनी १९२६ साली पुढे आणलेला ‘ट्रॅक्टा’ सांधा आणि आल्फ्रेड रझेप्पा यांचा पिंजऱ्यात सहा गोळ्या धरणारा सांधा असे समवेगी सांध्याचे निरनिराळे प्रकार दोन महायुद्धांच्या दरम्यान तयार झाले. यांपैकी रझेप्पा यांचा सांधा, काही सुधारणांसह, आज जगभरच्या मोटारगाड्यांत चाकाजवळ बसविलेला आढळतो.

सर्वचाकी चालन सर्वसामान्यांच्या परिचयाचे झाले ते जीपमुळे. १९४० मध्ये अमेरिकन बँटम कंपनीने तयार केलेल्या नमुन्यावरून पुढे विलीज व फोर्ड या कंपन्यांनी युद्धकाळात सु. ६,४०,००० जीपगाड्या तयार केल्या. एवढ्या मोठ्या संख्येला एका प्रकारचे सांधे पुरे पडेनात. त्यामुळे बेंडिक्स–वाइस, रझेप्पा, ट्रॅक्टा आणि स्पायसर असे चार प्रकारचे सांधे जीपच्या पुढील आसात बसविले गेले. जुन्या लष्करी जीपचा आस उघडणाऱ्यास आत कोणता सांधा निघेल, हे बाहेरून सहसा सांगता येत नाही आणि हा फरक क्षुल्लक नाही. रझेप्पा यांच्या सांध्यातील गोळ्या पिंजऱ्यात राहतात. बेंडिक्स–वाइस सांधा निष्काळजीपणे ओढल्यास त्यातील गोळ्या निखळून पडतात.

जीपच्या पुढील आसाची रचना येथे थोडी तपशिलाने पाहणे आवश्यक आहे. मधोमध न ठेवता एका बाजूस सरकविलेली विभेदी दंतचक्रांची पेटी, तिच्या दोन्ही बाजूंस पोलादी नळ्या, नळ्यांच्या टोकांना पोकळ गोल आणि त्या गोलांवर वरखाली बसविलेल्या किंगपिनांभोवती वळणारी नकल, असा तो सांगाडा असतो. संपूर्ण सांगाडा पाट्यांच्या दोन कमानींना यू–बोल्टांनी आवळलेला असतो. चाकाचा हब शक्तिवाहक दंडावर नव्हे, तर नकलीला जोडलेल्या पोकळ खुंट्यावर दोन निमुळत्या धारव्यांच्या (बेअरिंगांच्या) आधाराने फिरतो. शक्तिवाहक दंड त्या पोकळीतून बाहेर येतो व बाहेरच्या टोपीने हबला जोडला जातो. म्हणजे वजन पेलणारा भाग वेगळा आणि शक्ती देणारा भाग वेगळा. अशा आसाला पूर्णतरंगी आस म्हणतात. दंड तुटला तरी चाक निखळत नाही. बाहेरची टोपी सोडविली, तुटलेले तुकडे काढले आणि ट्रान्सफर केसचा दांडा मागील चाकांपुरता ठेवला की गाडी स्वतःच्या शक्तीने घरी येते. युद्धभूमीवरील गरजेतून आलेली ही सोय पुढे शांततेच्या काळात, रस्ते व कारखाने दूर असलेल्या मुलखात, फार मोलाची ठरली.

महाराष्ट्रात : महिंद्रा अँड मोहम्मद या नावाने १९४५ साली स्थापन झालेल्या व १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा असे नाव धारण केलेल्या कंपनीने मुंबईतील माझगाव येथे सुट्या भागांच्या स्वरूपात आलेल्या विलीज जीपगाड्यांची जुळणी केली, १९४९ साली अशा पहिल्या गाड्या तयार होऊन बाहेर पडल्या. पुढे कांदिवली येथील कारखान्यात जीपचे भाग उत्तरोत्तर देशात तयार होऊ लागले. वनखाते, पाटबंधारे, पोलीस, विकासगट कार्यालये यांच्या वापरात जीप आल्याने जिल्ह्याच्या गावी तिची दुरुस्ती करणारे कारागीर तयार झाले. १९५० साली सुरू झालेल्या शिल्प कारागीर प्रशिक्षण योजनेखालील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी त्यांत भर घातली; तथापि बहुसंख्य कारागीर उस्तादाच्या हाताखाली पाने देत देतच शिकले, हे मान्य केले पाहिजे.

रस्त्यावर धावणाऱ्या प्रत्येक जीपला शक्तिवाहक पुढील आस होता, असा समज मात्र चुकीचा आहे. ग्रामीण भागात प्रवासी वाहतूक करणाऱ्या ‘काळी–पिवळी’ जीपगाड्या बहुधा दोनचाकी चालनाच्या असत व त्यांचा पुढील आस केवळ वजन पेलणारा असे. तो स्वस्त, हलका व जवळजवळ निर्धोक. अशा गाडीला नंतर चारचाकी चालनाचा आस बसविण्याची हौस अनेकांना होते. परंतु मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील मूळ उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाला करता येत नाही. खराब झालेल्या आसाच्या जागी त्याच जातीचा आस बसविणे ही दुरुस्ती आहे. दुसऱ्या जातीचा बसविणे हा फेरफार आहे.

जातीचा हा प्रश्न कायद्याइतकाच गणिताचाही आहे. लष्करी जीपच्या आसातील दंतचक्रांचे गुणोत्तर ४·८८ : १, तर त्यानंतरच्या नागरी जीपचे ५·३८ : १ होते. लष्कराच्या लिलावातून मिळालेला जुना पुढील आस नागरी जीपला बाहेरून बिनचूक बसतो. यू–बोल्ट जुळतात, पाटे जुळतात, आणि दोनचाकी चालनात गाडी ठीक धावतेही. पण चारचाकी चालन जोडताच पुढील चाके मागील चाकांपेक्षा सु. १० टक्के अधिक वेगाने फिरू पाहतात. चिखलात चाके घसरून हा फरक भागतो. कठीण रस्त्यावर तो दंडांत पीळ साठवितो आणि अखेर सर्वांत दुबळा सांधा तुटतो. जुना आस विकत घेताना प्रॉपेलर शाफ्टचे फेरे व चाकाचे फेरे हाताने मोजून पाहावेत, हा जाणत्या कारागिरांचा नियम यातूनच आलेला आहे. एक चाक टेकलेले व दुसरे उचललेले असेल, तर विभेदी दंतचक्रांमुळे उचललेले चाक दुप्पट फिरते, हे त्या मोजणीत विसरता कामा नये.

वर्धा परिसर : वर्धा जिल्ह्याचा बराचसा भाग काळ्या कपाशीच्या जमिनीचा आहे. पावसाळ्यात ही माती पाणी पिऊन फुगते, चाकाला चिकटते व पांदण रस्ते वाहतुकीस बंद पाडते. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात. अशा मातीत बंडीलाच दोन बैल अपुरे पडतात, तेथे मागील चाकांवर चालणारी मोटार जागच्या जागी खोदत बसते. चारचाकी चालनाची उपयुक्तता येथे शेतकऱ्यास निराळी पटवून द्यावी लागत नाही. जिल्ह्यातील पुलगाव येथे लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार असल्याने लष्करी वाहनेही लोकांच्या नजरेतील आहेत.

याच वर्धा शहरात, मगनवाडी येथे, १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला व जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचे काम उभारले. १९३८ साली तेथे मगन संग्रहालय सुरू झाले. गावात वापरली जाणारी वस्तू गावच्या सुतार–लोहारांच्या हातून तयार व दुरुस्त व्हावी, या विचाराला तेथे मध्यवर्ती स्थान होते. मोटारगाडी या विचारात बसणारी वस्तू खचित नव्हे. तरीही बंडीचा आस मोडल्यावर बाभळीचे लाकूड आणि लोहाराची भट्टी जे काम करीत, तेच काम जीपच्या बाबतीत जॅक, पाने व रॉकेलची परात यांनी केले, ही तुलना अगदीच अप्रस्तुत वाटत नाही.

वर्धा शहराला लागून असलेले पिपरी मेघे हे २०११ च्या जनगणनेत जनगणना शहर म्हणून नोंदले गेले. सावंगी, बोरगाव, सिंदी या मेघे नावाच्या शेजारी गावांप्रमाणेच तेही शहराच्या वाढीबरोबर वाढले. अशा वस्तीत घरापुढील अंगणात गाडी उभी करून काम करता येते, ही सोय मोठ्या शहरातील सदनिकाधारकास नसते. परंतु त्याच अंगणाखालची काळी माती हा या कामातील सर्वांत मोठा धोका होय. वरून कोरडी व टणक दिसणारी ही जमीन जॅकच्या लहानशा तळाखाली भाराने दबते, जॅक कलतो आणि गाडी घोड्यांवरून घसरते. जॅकखाली व प्रत्येक घोडीखाली जाड फळी किंवा शहाबादी फरशीचा तुकडा देणे, त्याखाली मुरूम ठोकून घेणे व पावसाळ्यात हे काम मुळीच अंगणात न करणे, हेच इष्ट. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. विटा किंवा सिमेंटचे पोकळ ठोकळे घोडीऐवजी वापरण्याची प्रथा अतिशय घातक आहे. वीट भाराखाली पूर्वसूचना न देता फुटते.

नव्या रचना : आसाच्या इतिहासातील दुसरे वळण १९५९ साली इंग्लंडमध्ये आलेल्या मिनी या गाडीने घेतले. तिच्यात एंजिन आडवे, चालन पुढील चाकांवर आणि चाकाजवळ रझेप्पा प्रकारचा सांधा होता. या रचनेच्या प्रसाराबरोबर समवेगी सांधे मोठ्या संख्येने व स्वस्तात तयार होऊ लागले. जपानमधील सुबारू (१९७२) व जर्मनीतील आउडी क्वाट्रो (१९८०) या गाड्यांनी चारचाकी चालन शेतातून व युद्धभूमीवरून डांबरी रस्त्यावर आणले. भारतात मात्र अखंड पुढील आस दीर्घकाळ टिकून राहिला. १९८५ साली आलेल्या मारुती जिप्सीलाही तो होता, फक्त गोलाच्या आतील सांधा समवेगी होता. महिंद्राच्या २०१० मधील थारने पुढील बाजूस स्वतंत्र संधारण स्वीकारले. २०११ मध्ये पुण्याजवळील चाकण येथे तयार होऊ लागलेल्या एक्सयूव्ही ५०० या गाडीत तर आडवे एंजिन, स्वयंधारी कवच व सर्वचाकी चालन एकत्र आले. २०१७ पासून रांजणगाव येथे जीप याच नावाची कंपास ही गाडी तयार होऊ लागली; माझगावच्या जीपशी तिच्या पुढील आसाचे कोणतेही साम्य नाही.

या गाड्यांत पोलादी नळी नसते. विभेदी पेटी गिअरपेटीबरोबर सांगाड्याला जोडलेली असते व तिच्यापासून प्रत्येक चाकाकडे एक उघडा अर्धदंड जातो. त्याच्या दोन्ही टोकांना सांधे व त्यांवर वळ्यांचे रबरी आवरण असते. बिघाडाची सुरुवात बहुधा या आवरणापासून होते. ते फाटले की वंगण बाहेर पडते, चिखल आत जातो आणि काही आठवड्यांत सांधा झिजतो. वळताना टक्–टक् आवाज येत असल्यास बाहेरचा सांधा आणि वेग घेताना गाडी थरथरत असल्यास आतील सांधा झिजला असे समजावे. काळ्या मातीच्या मुलखात गाडी धुताना हे आवरण बोटांनी चाचपून पाहण्याची सवय कोणत्याही हत्यारापेक्षा उपयोगी पडते.

अर्धदंड बदलण्याचे काम जीपचा आस उघडण्यापेक्षा वस्तुतः लहान आहे. गाडी जमिनीवर असतानाच हबवरील मोठे नट सैल करावे लागते, कारण अनेक गाड्यांत ते २०० न्यूटन–मीटरहून अधिक पिळाने आवळलेले असते व उचललेल्या गाडीवर तेवढा जोर लावणे धोक्याचे आहे. नंतर गाडी घोड्यांवर घेऊन चाक काढतात, सुकाणूच्या दांडीचा व खालच्या भुजेचा गोल सांधा सोडवितात, नकल बाहेर झुकवून दंडाचे टोक हबमधून मोकळे करतात आणि आतील टोक पहारीच्या हलक्या हिसक्याने पेटीतून काढतात. दंड धरून ओढू नये. तसे केल्यास आतील सांधा त्याच्या कवचातून निसटतो. गिअरपेटीतील तेल या वेळी सांडते, म्हणून ते आधीच काढून घेणे बरे. नवा दंड सरकविताना ऑइल सीलच्या ओठाला खाच पडली, तर साऱ्या कामाची पुनरावृत्ती ठरलेली. हबचे नट बहुतेक उत्पादक एकदाच वापरण्यास सांगतात. ते नवे घ्यावे व पीळमापक पान्याने उत्पादकाने दिलेल्या मापापर्यंत आवळावे.

सर्वचाकी चालनाच्या गाडीत याखेरीज एक दक्षता घ्यावी लागते. केवळ एक किंवा दोन चाके उचललेली असताना एंजिन सुरू करून गिअर टाकू नये. शक्ती जमिनीवर टेकलेल्या चाकांकडे जाऊन गाडी घोड्यांवरून पुढे उडी घेऊ शकते. तसेच अर्धदंड काढून टाकून गाडी चालविता येत नाही. विभेदी पेटीची मोकळी बाजू निष्फळ फिरते, तेल वाहून जाते, आणि अनेक गाड्यांत हबचे धारवे दंडाच्या टोकावरील नटानेच आवळलेले असल्यामुळे दंडावाचून चाक धड फिरतही नाही. जीपच्या पूर्णतरंगी आसाने दिलेली ‘मोडूनही घरी येण्याची’ सोय येथे नाही. सांध्याची अंतर्गत दुरुस्तीही फारशी होत नाही. आवरण बदलतात, नाहीतर संपूर्ण दंड. काम सोपे झाले, पण ते सुट्या भागाच्या पुरवठ्यावर पूर्णपणे विसंबून राहिले, असा हा व्यवहार आहे.

त्यामुळेच सुटा भाग व दुरुस्तीची माहिती कोणास मिळावी, हा वाद पुढे आला. २०११ साली दाखल झालेल्या एका तक्रारीवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी दिलेल्या निर्णयात १४ मोटार कंपन्यांना एकूण सु. २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मूळ सुटे भाग, निदानाची साधने व दुरुस्तीच्या पुस्तिका स्वतंत्र कारागिरांना खुल्या बाजारात मिळू न देणे हे स्पर्धेला बाधक असल्याचे आयोगाने म्हटले. या निर्णयाविरुद्ध अपिले झाली व वाद लांबला. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासंबंधी समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात या विषयाचे संकेतस्थळ सुरू केले. शेतीची अवजारे व मोटारगाड्या यांचा त्याच्या कक्षेत समावेश आहे. जिल्ह्याच्या गावातील कारागिरास याचा प्रत्यक्ष लाभ अद्याप मर्यादितच आहे. चाकाजवळच्या वेगसंवेदकाची तार तुटली तरी आधुनिक गाडीची सर्वचाकी यंत्रणा स्वतःला बंद करून घेते आणि संगणकीय निदानयंत्र लावल्याशिवाय दोष कोठे आहे ते कळणे कठीण जाते.

विजेवर चालणाऱ्या सर्वचाकी गाड्यांत पुढील व मागील आसांना स्वतंत्र विद्युत् चलित्रे असतात. दोहोंना जोडणारा प्रॉपेलर शाफ्ट नसतो. टाटा मोटर्सने २०२५ मध्ये बाजारात आणलेली हॅरियर ईव्ही या प्रकारची आहे. अशा गाडीतही चलित्रापासून चाकापर्यंत अर्धदंडच जातो, त्याच्या बाहेरच्या टोकाला तोच गोळ्यांचा सांधा व तेच रबरी आवरण असते, आणि ते फाटण्याची कारणेही तीच. मात्र त्याच्या आसपासून नारिंगी रंगाच्या उच्च दाबाच्या तारा गेलेल्या असतात. त्या निर्विद्युत् केल्यावाचून व तसे झाल्याची खात्री करून घेतल्यावाचून चलित्राजवळच्या बाजूस पाना लावता येत नाही आणि हे काम प्रशिक्षित माणसाखेरीज इतरांनी करू नये.